पाककृतीत वजन, खूण आणि हंगामही छापा

महोदय,

आपल्या पुरवणीत शाकाहारी पाककृती नियमाने येतात. छायाचित्रे देखणी असतात, कल्पनाही नव्या असतात. पण त्या बरहुकूम करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे त्याच आहेत. कडधान्य शिजलेच नाही, पालेभाजी काळपट झाली, कोबीला उग्र वास आला, मश्रूमला पाणी सुटले. यात करणाऱ्याच्या हाताचा दोष क्वचितच असतो. 'रात्रभर भिजवावे', 'मऊ शिजवून घ्यावे', 'एक जुडी निवडून घ्यावी' एवढ्यावर पाककृती आटोपते आणि जे नेमके सांगायला हवे तेच राहून जाते. आम्ही स्वयंपाक शिकवणारी माणसे आहोत, म्हणून आग्रहाने लिहितो आहोत. प्रत्येक पाककृतीत जिन्नसाचे वजन, तो झाला हे ओळखण्याची खूण आणि तो कोणत्या हंगामातला घ्यावा, एवढे तरी छापलेच पाहिजे.

सर्वांत जास्त बिघडते ते कडधान्य, म्हणून आधी त्याबद्दल. 'एक वाटी चणे' म्हटले की वाटी कोणती, हा प्रश्न उरतोच. त्याऐवजी '200 ग्रॅम कोरडे काबुली चणे' असे लिहिले तर पुढचे सगळे हिशेब जमतात. चणे भिजून साधारण दुप्पट वजनाचे, म्हणजे 400 ग्रॅमच्या आसपास होतात. म्हणजे ते निदान 200 ग्रॅम पाणी पिऊन टाकतात. भांड्यात बेताचेच पाणी असेल तर सकाळी वरचे दाणे उघडे पडलेले दिसतात आणि तेवढेच दाणे पुढे कडक राहतात. कोरड्या वजनाच्या चौपट ते पाचपट पाणी घ्यावे. 'रात्रभर' हे मापही फसवे आहे. हवा 20 अंशांच्या आसपास असेल तर 10 ते 12 तास लागतात. 30 अंशांच्या वर 6 ते 8 तासांत काम होते आणि त्यानंतर पाण्यावर फेस येऊन आंबूस वास सुटतो. उकाड्याच्या दिवसांत भांडे फ्रीजमध्ये ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

भिजले की नाही हे घड्याळ सांगत नाही, दाणा सांगतो. एक दाणा उचलून नखाने दोन भाग करावेत. आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा दिसला तर भिजला. मध्यावर फिकट, खडूसारखा कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ हवा. भिजवण्याच्या सुरुवातीला साल सुरकुतते, कारण ती आतल्या दळापेक्षा लवकर फुगते. दळ फुगून साल पुन्हा ताणली गेली की दाणा तयार. ही एक ओळ पाककृतीत आली तर कितीतरी फसलेली भांडी वाचतील.

आता मिठाबद्दल. 'मीठ आधी घातले तर कडधान्य शिजत नाही' हे वाक्य इतक्यांदा छापून आले आहे की ते खरेच वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. एक लिटर पाण्यात 15 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात कडधान्य भिजवले तर साल मऊ होते आणि शिजताना फुटत नाही. सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून धरणाऱ्या द्रव्याला, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात; मिठातले सोडियम त्यांची जागा घेते आणि ती पकड सैल पडते. भिजवलेले पाणी टाकून दाणे धुऊन घ्यावेत आणि शिजवताना 200 ग्रॅम कोरड्या कडधान्याला 4 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा, मीठ घालावे. चवही आतपर्यंत मुरते. शेवटी वरून घातलेले मीठ रश्शात राहते, दाणा अळणीच लागतो.

खरा खोळंबा करतात त्या दुसऱ्याच गोष्टी. पहिली म्हणजे आंबट. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही कच्च्या दाण्यासोबत भांड्यात पडले की पेक्टिन विरघळायला तयार होत नाही आणि दोन तास उकळूनही दाणा रबरासारखा राहतो. आंबट नेहमी दाणा पुरता मऊ झाल्यावरच घालावे. याचा फायदाही करून घेता येतो. रस्सा बराच वेळ आटवायचा असेल आणि दाणे फुटू द्यायचे नसतील, तर मऊ झाल्याबरोबर टोमॅटो घालावा, दाणे तिथेच थांबतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जड पाणी. कूपनलिकेच्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियम इतके असते की तेच सालीला बळकटी देते. किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे असे समजावे. अशा वेळी उकळून, गार करून, निवळलेले वरचे पाणी घ्यावे किंवा शिजवताना एक लिटरला 1 ग्रॅम खाण्याचा सोडा घालावा. ही मोठी चिमूट झाली, चमचा नव्हे. सोडा जास्त झाला की दाण्याचा लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि बी-1 जीवनसत्त्व नष्ट होते. पाणी मऊ असेल तर सोड्याची गरजच नाही, हेही पाककृतीने सांगावे.

तिसरी गोष्ट कोणी लिहितच नाही, ती म्हणजे धान्याचे वय. उष्ण आणि दमट जागी वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेल्या कडधान्यात आतल्या पेशीच अशा घट्ट बांधल्या जातात की ते भिजते, फुगते, पण शिजत नाही. याला मीठ, आंबट, कुकर कशाचाही दोष नसतो. गणंग दाणा वेगळा. तो भिजतच नाही, सकाळी गोटीसारखा तळाशी राहतो आणि निवडून काढता येतो. जुने धान्य मात्र भिजल्यावर नव्यासारखेच दिसते, म्हणून फसवते. घेताना साल निस्तेज, बारीक तडे गेलेली, पिशवीच्या तळाशी पीठ जमलेले दिसले तर घेऊ नये. पाकिटावर पीक कोणत्या वर्षीचे हे छापले असेल तर ते बघावे, नसेल तर विचारावे. दोन-तीन महिन्यांना पुरेल एवढेच घेऊन गार, कोरड्या, अंधाऱ्या जागी झाकून ठेवावे. आणि जुने-नवे कधीही एकत्र शिजवू नये. नवे फुटून जाते, जुने टणक राहते, आणि सगळे भांडे वाया गेल्यासारखे होते. जुने हाती आलेच तर चिमूटभर सोडा घालून शिजवावे आणि वाटून सूपमध्ये घालावे.

राजम्याबद्दल मात्र आमचा आवाज जरा चढा आहे, आणि तो तसाच राहू द्यावा. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असते. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाबांना कारण होऊ शकतात. खळखळत्या उकळीत ते निकामी होते. निदान 5 तास भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे, नवे पाणी घालून खऱ्या उकळीवर किमान 10 मिनिटे ठेवावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खात्रीसाठी 30 मिनिटे सांगितली आहेत. घोटाळा होतो तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यात. त्यातले अन्न 80 अंशांच्या आसपासच राहिले तर विषारीपणा कमी न होता कच्च्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो. दाणा मऊ झालेला दिसतो, म्हणून खाणाऱ्याला शंकाही येत नाही. मंद भांड्यात राजमा करण्याची कृती छापायची असेल तर आधी वेगळ्या भांड्यात उकळण्याची ओळ ठळक टाइपात हवी. ती नसेल तर ती कृती छापूच नये.

कुकरच्या बाबतीत शिट्ट्या मोजणे हे वेळेचे माप नव्हे. शिट्टी किती लवकर होते हे आच, भांड्याचा आकार आणि आतले पाणी यांवर ठरते. पूर्ण दाब आल्यावर आच कमी करून तिथून मिनिटे मोजावीत. भिजवलेल्या काबुली चण्यांना 12 ते 15 मिनिटे आणि भिजवलेल्या राजम्याला साधारण 10 ते 12 मिनिटे लागतात, आणि त्यानंतर दाब आपोआप उतरू द्यावा. दाब एकदम सोडला की दाण्याच्या आतले पाणी उसळून साल फाटते. कडधान्याला फेस येतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. फेसाने झडप चोंदते आणि ते धोक्याचे आहे. उघड्या पातेल्यात भिजवलेल्या चण्यांना 60 ते 90 मिनिटे लागतात. अख्खा मसूर न भिजवताही 25 ते 35 मिनिटांत होतो, मसुराची डाळ 15 ते 20 मिनिटांत. ज्यांना घाई आहे त्यांना मसुराकडे वळवावे. राजमा लवकर उरकण्याच्या युक्त्या छापू नयेत.

झाले हे कसे ओळखायचे? भांड्याच्या वेगवेगळ्या भागांतले पाच दाणे काढून एकेक जिभेने टाळूवर दाबावा. पाचही दातांशिवाय, पिठूळ कण न लागता विरघळले तर झाले. चार विरघळले आणि एक नाही, तर अजून 10 मिनिटे. एकच दाणा चाखून आच बंद करण्यातूनच निम्मी कच्ची कडधान्ये ताटात येतात.

भाजीकडे येतो. हंगामाची भाजी घ्या, असे सगळेच लिहितात. पाककृती मात्र वर्षभर त्याच छापल्या जातात. याचे फळ स्वयंपाकघरात दिसते. मटार तोडल्यापासून त्यातल्या साखरेचे पिठात रूपांतर सुरू होते आणि उबेत ते काही तासांतच जाणवण्याइतके होते. लांबून आलेला, दोन दिवस ढिगात पडलेला बिगरहंगामी मटार कितीही शिजवला तरी पिठूळच लागणार. त्यापेक्षा गोठवलेला मटार कितीतरी चांगला, कारण तो ऐन हंगामात तोडून थोड्या वेळातच गरम पाण्यातून काढून गोठवलेला असतो. टोमॅटोचेही तसेच. हंगामाबाहेर तो बहुधा हिरवा तोडून इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूने पिकवलेला असतो. रंग येतो, रस आणि गंध येत नाही. अशा दिवसांत डबाबंद टोमॅटो वापरण्यात कमीपणा काही नाही. गोठवलेले आणि डबाबंद म्हणजे निकृष्ट, ही समजूत पाककृतींनीच दूर करायला हवी. डब्यातल्या कडधान्याचे मिठाचे पाणी तेवढे ओतून, दाणे धुऊन घ्यावेत.

शिवाय पाककृतीत भाजीचे नाव एकच असण्याची गरज नाही. 'कोवळी, पातळ पानांची कोणतीही पालेभाजी, निवडून 300 ग्रॅम' असे लिहिले की वाचक आपल्या हंगामातले, आपल्या भागातले घेऊ शकतो. बदल कुठे चालत नाही तेही सांगावे. जाड पानांना 8 ते 10 मिनिटे जास्त लागतात. ज्या भाजीला पाणी सुटते तिच्या जागी कोरडी भाजी घेतली तर 100 मिलिलिटरच्या आसपास पाणी वाढवावे लागते. वजन नेहमी निवडल्यानंतरचे द्यावे. जुडी लहान-मोठी असते आणि देठ काढल्यावर काही भाज्यांत निम्मेच हाती उरते.

हिरवा रंग का जातो? पानात स्वतःची आम्ले असतात. उष्णतेने पेशी फुटल्या की ती बाहेर येतात आणि हरितद्रव्यातले मॅग्नेशियम हटवतात. हिरव्याचा शेवाळी तपकिरी रंग होतो. झाकण ठेवले की वाफेबरोबर उडणारी आम्ले परत भांड्यातच पडतात. म्हणून पालेभाजी उघड्या भांड्यात, झपाट्याने करावी. 500 ग्रॅम पानांना 3 ते 4 लिटर खळखळते पाणी, लिटरला 10 ग्रॅम मीठ, एक ते दोन मिनिटे, आणि लगेच गार पाण्यात. पाणी कमी घेतले की पाने पडताच उकळी बसते आणि पुन्हा यायला चार मिनिटे लागतात. रंग जातो तो त्याच चार मिनिटांत. रंग टिकवण्यासाठी सोडा घालू नये, पाने बुळबुळीत होतात. लिंबू पिळायचे ते ताटात. पाणी टाकून दिले की सी जीवनसत्त्व आणि फोलेट काही प्रमाणात जाते, हे खरे. पण पालकासारख्या भाजीत कॅल्शियमचे शोषण अडवणारे ऑक्झॅलेट भरपूर असते आणि तेही त्या पाण्याबरोबर जाते. ज्या पानांत ऑक्झॅलेट कमी असते ती थेट रुंद कढईत, धुतल्यावर राहिलेल्या पाण्यातच परतावीत.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांचा वास हा निव्वळ वेळेचा प्रश्न आहे. या भाज्यांत गंधकाची संयुगे असतात. पाच-सहा मिनिटांपर्यंत गोडसर वास असतो, त्यानंतर हायड्रोजन सल्फाइड झपाट्याने वाढते आणि घरभर पसरते. बारीक, एकसारखे चिरून मोठ्या आचेवर 4 ते 5 मिनिटे, किंवा मोठे तुकडे करून 220 अंशांच्या ओव्हनमध्ये 20 ते 25 मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत. ओव्हनच्या कोरड्या आचेत कडा खमंग होतात आणि तुकडाही थोडा दाताखाली राहतो. झाकण ठेवून 15 मिनिटे वाफवणे, ही मधली वाट सर्वांत वाईट.

मश्रूममध्ये 90 टक्क्यांहून जास्त पाणी असते. 28 सेंटिमीटरच्या तव्यावर एका वेळी 250 ग्रॅमच घालावेत. जास्त घातले की सुटलेले पाणी उडण्याआधीच तळाशी साचते, तापमान 100 अंशांवर अडकते आणि मश्रूम भाजण्याऐवजी उकडतात. आधी कोरड्या तव्यावर पाणी उडू द्यावे, मग तेल, तपकिरी झाल्यावर मीठ. हाच नियम वांगी, दोडका, भोपळा यांनाही लागू आहे.

बटाट्याबद्दल दोन वाक्ये पुरेत. तो आंबटात मऊ होत नाही, म्हणून टोमॅटोच्या रश्शात घालण्यापूर्वी उकडून घ्यावा. आणि उजेडात राहून हिरवा झालेला भाग खोलवर कापून टाकावा, कडू लागला तर सगळा बटाटाच टाकून द्यावा.

पोषणाच्या चौकटीत जे छापले जाते त्याविषयीही लिहायला हवे. 'पालक म्हणजे लोह' हे अर्धसत्य आहे. वनस्पतींतले लोह शरीर कमी प्रमाणात शोषते. त्याच जेवणात सी जीवनसत्त्व असेल तर ते शोषण वाढते, आणि जेवणासोबत चहा-कॉफी घेतली तर घटते. म्हणून कडधान्याच्या पाककृतीशेजारी 'वरून कच्ची ढोबळी मिरची किंवा लिंबू, चहा तासाभराने' एवढे लिहिणे हे लोहाच्या मिलिग्रॅमपेक्षा उपयोगाचे. गाजर, भोपळा, हिरवी पाने यांतले कॅरोटीन (ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व तयार करते) शोषायला जेवणात थोडी तरी चरबी लागते. 'तेलाशिवाय' असा शेरा तिथे कौतुकाचा नव्हे. प्रथिनांच्या आवश्यक घटकांपैकी धान्यात लायसिन कमी आणि कडधान्यात मेथिओनिन कमी, म्हणून दोन्ही खावीत, पण एकाच घासात नव्हे, दिवसभरात मिळून आली तरी चालतात. बी-12 मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध आणि अंडीही न खाणाऱ्यांनी ते गोळीतून किंवा बी-12 मिसळलेल्या अन्नातून घेतलेच पाहिजे. वनस्पतीजन्य आहाराचा गौरव करणाऱ्या लेखाने ही ओळ गाळली तर त्याने वाचकाचे नुकसान केले, असेच आम्ही म्हणू.

जिन्नस कुठून आला, याचाही विचार आपल्या पुरवणीत होतो, आणि ते चांगलेच आहे. फक्त तो बहुतेक वेळा 'जवळचे ते चांगले' एवढ्यावर थांबतो. बहुतेक खाद्यपदार्थांमुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा लहान असतो. कसे पिकवले, याचा वाटा मोठा. थंडीत इंधन जाळून तापवलेल्या काचघरातला जवळचा टोमॅटो हा उघड्या शेतातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त भार टाकणारा असू शकतो. अपवाद विमानाने येणाऱ्या, लवकर नासणाऱ्या भाज्या-फळांचा, त्यांचे उत्सर्जन खरोखरच मोठे असते. म्हणून विचारायचे ते असे: उघड्या शेतातले आहे का, कधी तोडले, वाहतूक कशाने झाली, तोडणी करणाऱ्याला मजुरी रीतसर मिळते का. विक्रेत्याला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा देता येतात. कोको, कॉफी, साखर अशा लांबून येणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत न्याय्य व्यापाराचे प्रमाणपत्र पाहावे. कडधान्याचे शेत स्वतःच जमिनीची सोय करते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात आणि खताची गरज घटते. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे कडधान्य वर्ष म्हणून पाळले, त्यामागे हेही एक कारण होते.

शाकाहारी म्हणून घेतलेल्या वस्तूत काय लपलेले असते, तेही पाककृतीत यावे. बऱ्याच जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, असते. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचे चीज वेगळे मिळते आणि तसे वेष्टनावर लिहिलेले असते. जेलीतले प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचे जिलेटिन, काही तयार सॉसमधले मासे, लाल रंगासाठी वापरलेला कीटकांपासूनचा ई-120 हा घटक, हेही तपासावे. 'चीज 50 ग्रॅम' एवढेच छापणे पुरेसे नाही.

आणि टाकून दिलेले अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले सुमारे 60 टक्के घरांत. पाककृतीने उरलेल्याचे काय करायचे हे सांगितले तर यावर थेट उपाय होतो. कोमेजलेली पालेभाजी अर्धा तास गार पाण्यात बुडवली तर बहुधा पुन्हा ताठ होते, पिवळी झालेली मात्र होत नाही. गाजर-मुळ्याची पाने आणल्याबरोबर कापून वेगळी ठेवावीत, नाहीतर ती मुळातले पाणी ओढून घेतात. कांद्याची टरफले, गाजराची टोके, मश्रूमचे देठ दीड लिटर पाण्यात 40 मिनिटे उकळून रस्सा होतो. कोबीवर्गीय साली त्यात घालू नयेत. तासाहून जास्त उकळले तर कडवट होतो. उरलेला भात मात्र तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये जायला हवा. त्यात वाढणारा एक जिवाणू असे विष तयार करतो की भात पुन्हा गरम केल्यानेही ते जात नाही.

आम्हाला हवी असलेली पाककृती कशी दिसेल, त्याचा एक नमुना देतो. चौघांसाठी: 200 ग्रॅम काबुली चणे, एक लिटर पाणी व 15 ग्रॅम मिठात 10 तास भिजवावेत, मधोमध तोडून पाहावे, धुऊन घ्यावेत. 800 मिलिलिटर नवे पाणी व 4 ग्रॅम मीठ घालून उघड्या पातेल्यात उकळी आणावी, 5 मिनिटे फेस काढावा, मग मंद आचेवर 60 ते 90 मिनिटे. 60 मिनिटांपासून दर 10 मिनिटांनी पाच-पाच दाणे दाबून पाहावेत. पाणी दाण्यांच्या खाली गेले तर उकळते पाणीच वाढवावे. दुसऱ्या भांड्यात 30 मिलिलिटर तेलावर 150 ग्रॅम बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर 10 ते 12 मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत. 10 ग्रॅम लसूण, एक मिनिट. 250 ग्रॅम पिकलेला किंवा डबाबंद टोमॅटो, तेल कडेला सुटेपर्यंत सुमारे 10 मिनिटे. चणे व त्यांचे 300 मिलिलिटर पाणी घालावे, एक डावभर चणे चेचून रस्सा दाट करावा, 10 मिनिटे उकळावे. शेवटी हंगामातली कोवळी पालेभाजी 200 ग्रॅम चिरून घालावी, झाकण न ठेवता 2 ते 3 मिनिटे. आच बंद करून लिंबू. चणे 90 मिनिटांनंतरही कडक असतील तर टोमॅटोच्या भांड्यात अजिबात टाकू नयेत. 1 ग्रॅम सोडा घालून आणखी 20 मिनिटे बघावे, तरीही दाणा दबला नाही तर धान्य जुने आहे असे समजून ते सूपसाठी वाटून घ्यावे आणि रश्शात डब्यातले चणे घालावेत.

कळावे.

आपले,
स्वयंपाक शिकवणारे काही वाचक